बुध आणि मंगळ: वस्तुमान दुप्पट, तरी वजन तेवढेच

मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळपास दुप्पट, नेमके सांगायचे तर १.९४ पट आहे. गुरुत्वाकर्षण वस्तुमानामुळे असते, एवढेच लक्षात ठेवून विचार केला तर बुधावरून मंगळावर नेलेल्या वस्तूचे वजन दुपटीच्या आसपास वाढायला हवे. प्रत्यक्षात ते शंभरात एका भागानेही वाढत नाही. बुधाच्या पृष्ठभागावर गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते मान, ३.७० मी/से² आहे आणि मंगळावर, त्याची सरासरी त्रिज्या धरून काढले तर, ३.७३ मी/से². ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचे वस्तुमान ८९९ किलोग्रॅम आहे. त्याचे वजन पृथ्वीवर सुमारे ८,८२० न्यूटन होते, मंगळावर ते सुमारे ३,३५० न्यूटन भरते आणि तोच रोव्हर बुधावर ठेवता आला असता तर ते सुमारे ३,३३० न्यूटन भरले असते.

ग्रहाचे वस्तुमान आणि त्रिज्या यांचा वजनाशी असलेला संबंध समजून घेण्यासाठी सूर्यमालेत या जोडीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, असे मला वाटते. पृथ्वी आणि चंद्र यांची तुलना आपण नेहमी करतो, पण त्या तुलनेत चंद्र वस्तुमानानेही लहान आणि आकारानेही लहान असल्यामुळे वजन नेमके कशामुळे घटले हे वेगळे काढून दाखवता येत नाही. शिवाय ‘लहान गोळा, म्हणून कमी वजन’ ही अर्धवट समजूत त्यातून अधिकच पक्की होते. बुध आणि मंगळ यांच्यापुढे ती समजूत टिकत नाही.

वस्तुमान आणि वजन

रोजच्या बोलण्यात आपण ‘माझे वजन साठ किलो’ म्हणतो, तेव्हा खरे तर आपण वस्तुमान सांगत असतो. वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्याचा संचय, आणि तो ग्रह बदलला म्हणून बदलत नाही. वजन म्हणजे ग्रह त्या वस्तूला ज्या बलाने आपल्याकडे ओढतो ते बल, म्हणून ते न्यूटनमध्ये मोजायचे असते आणि ते जागेनुसार बदलते. दोन पारड्यांच्या तराजूत एकीकडे वस्तू आणि दुसरीकडे वजने टाकली तर दोन्ही बाजूंवरचे ओढणे सारख्याच प्रमाणात बदलते, आणि त्यामुळे तराजू बुधावरही साठ किलोच दाखवील. ताणकाटा मात्र बल मोजतो, आणि घरातला इलेक्ट्रॉनिक काटाही बलच मोजून त्याचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करतो. पृथ्वीवर बेतलेल्या अशा काट्यावर साठ किलोचा माणूस बुधावर २२.६ आणि मंगळावर २२.८ किलो भरेल. दोन ग्रहांमधला हा फरक पेलाभर पाणी प्यायल्यावर काट्यावर दिसतो तेवढाच आहे.

दोन्ही ग्रहांची वस्तुमाने कशी कळली

वजनाच्या आधी ग्रहाचे वस्तुमान ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्या ग्रहाभोवती फिरणारी एखादी वस्तू पाहणे. ती किती अंतरावरून फिरते आणि एका फेरीला किती वेळ घेते, या दोनच गोष्टींवरून मधल्या ग्रहाचे वस्तुमान निघते. फिरणाऱ्या वस्तूचे स्वतःचे वस्तुमान अगदी नगण्य असल्यास ते माहीत असण्याची गरजही नसते. मंगळाच्या बाबतीत ही सोय १८७७ च्या ऑगस्टमध्ये झाली. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल यांनी फोबोस आणि डायमोस हे मंगळाचे दोन उपग्रह शोधले, आणि तोवर इतर ग्रहांच्या मार्गांतील सूक्ष्म विचलनांवरून ज्याचा अंदाज बांधावा लागत होता ते वस्तुमान थेट गणिताने काढता येऊ लागले.

हे गणित भारतीय यानाच्या आकड्यांवरही करून पाहता येते, आणि विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी करावे असा माझा आग्रह आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी इस्रोचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले. त्या कक्षेचा पृष्ठभागाला सर्वांत जवळचा बिंदू ४२१.७ किलोमीटर उंचीवर आणि सर्वांत दूरचा बिंदू सुमारे ७६,९९३ किलोमीटर उंचीवर असल्याचे आणि एका फेरीला ७२ तास ५१ मिनिटे ५१ सेकंद लागत असल्याचे इस्रोने तेव्हा जाहीर केले होते. या दोन उंचींची सरासरी काढून तीत मंगळाची विषुववृत्तीय त्रिज्या, म्हणजे ३,३९६ किलोमीटर, मिळवली की कक्षेचा अर्ध-दीर्घ अक्ष, म्हणजे लांबट कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग, सुमारे ४२,१०० किलोमीटर येतो. त्याचा घन करून त्याला ४π² ने गुणायचे, फेरीच्या सेकंदांच्या, म्हणजे २,६२,३११ च्या, वर्गाने भागायचे आणि शेवटी गुरुत्व स्थिरांकाने, म्हणजे ६.६७४ × १०⁻¹¹ ने, पुन्हा भागायचे. अंतरे मीटरमध्ये घेतली असतील तर उत्तर सुमारे ६.४२ × १०²³ किलोग्रॅम येते. मंगळाचे आज स्वीकारलेले वस्तुमान हेच आहे. एका यानाच्या कक्षेची तीन-चार मापे आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्या भांडवलावर एक अख्खा ग्रह तोलून होतो, याचे महत्त्व कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

बुधाला उपग्रह नाही, त्यामुळे त्याचे वस्तुमान दीर्घकाळ अडचणीचे राहिले. त्याच्या जवळून जाणाऱ्या धूमकेतूंचे मार्ग किती वळतात, शुक्राच्या गतीवर त्याचा किती परिणाम होतो, अशा आडवाटांनी ते काढावे लागे. १९७४ आणि १९७५ मध्ये मिळून मरिनर १० हे यान तीन वेळा बुधाजवळून गेले, तेव्हा त्या ओढीने यानाचा वेग किती बदलला हे रेडिओ संदेशांवरून मोजता आले आणि आकडा पक्का झाला. पुढे मार्च २०११ मध्ये मेसेंजर यान बुधाच्या कक्षेत स्थिरावले. सुरुवातीला ते बुधापासून सुमारे २०० किलोमीटर ते सुमारे १५,२०० किलोमीटर अशा लांबट कक्षेत, सुमारे बारा तासांत एक फेरी पूर्ण करीत होते. वर मंगळासाठी केलेलेच गणित या आकड्यांवर केले की ३.३० × १०²³ किलोग्रॅम हे उत्तर मिळते.

त्रिज्येच्या वर्गाने केलेली भरपाई

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ग्रहाचे ओढणे त्याच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. इथे ‘केंद्रापासून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. पृष्ठभागावर उभा असलेला माणूस ग्रहाला टेकलेला असला, तरी गोलाकार ग्रहाचे एकत्रित आकर्षण जणू सगळे वस्तुमान केंद्रात एकवटले असावे तसे काम करते, हे न्यूटन यांनीच सिद्ध केले. म्हणून ग्रह मोठा होत गेला की माणूस त्या ओढीच्या केंद्रापासून दूर जात असतो, आणि दूर जाण्याचा दंड वर्गाच्या हिशेबाने भरावा लागतो.

बुधाची सरासरी त्रिज्या २,४३९.७ किलोमीटर आणि मंगळाची ३,३८९.५ किलोमीटर आहे. मंगळाची त्रिज्या बुधाच्या १.३९ पट, आणि १.३९ चा वर्ग १.९३. वस्तुमानाने मंगळाला १.९४ पट ओढ मिळवून दिली, तर त्रिज्येने ती १.९३ पट कमी केली. भागाकार १.००७, म्हणजे फरक हजारात सात. पृथ्वीच्या मापाने पाहिले तर बुधाचे वस्तुमान पृथ्वीच्या ०.०५५३ पट आणि त्रिज्या ०.३८३ पट आहे, तर मंगळाचे वस्तुमान ०.१०७५ पट आणि त्रिज्या ०.५३२ पट. प्रत्येक वस्तुमानाला त्या-त्या त्रिज्येच्या वर्गाने भागले की दोन्हीकडे ०.३८ च्या जवळचा आकडा येतो. दोन्ही ग्रहांवर आपले वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के राहते, ते याच कारणाने.

या समानतेमागे निसर्गाचा कोणताही खास नियम नाही. दोन ग्रह वेगवेगळ्या वाटांनी घडले आणि एका आकड्यावर येऊन भेटले, एवढेच. अशी आणखी एक जोडी आहे. शुक्राचे वस्तुमान पृथ्वीच्या ०.८१५ पट, तर युरेनसचे साडेचौदा पट. पण युरेनसची त्रिज्याही पृथ्वीच्या चौपट असल्यामुळे त्याच्या ढगांच्या पातळीवर विषुववृत्ताशी गुरुत्व त्वरण शुक्राच्या पृष्ठभागावर आहे तेवढेच, सुमारे ८.९ मी/से² भरते. मात्र युरेनसला उभे राहण्याजोगा घट्ट पृष्ठभाग नाही, त्यामुळे तिथल्या ‘वजना’ला बुध-मंगळाच्या वजनासारखा प्रत्यक्ष अर्थ उरत नाही.

काही पुस्तकांत मंगळाचे गुरुत्व त्वरण ३.७१ असे दिलेले आढळेल. ती चूक नाही. मंगळ २४ तास ३७ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि विषुववृत्ताशी किंचित फुगलेला आहे, त्यामुळे तिथे केंद्रापासूनचे अंतर थोडे जास्त पडते आणि फिरण्यामुळे आणखी सुमारे ०.०१७ मी/से² वजा होतात. बुधाला स्वतःभोवती एक फेरी मारायला ५८ दिवसांहून जास्त वेळ लागतो, म्हणून तिथे ही वजाबाकी विचारात घेण्याइतकी होतच नाही. मंगळाच्या थार्सिस पठारावरील प्रचंड ज्वालामुखींच्या माथ्यावर तर हा आकडा सुमारे ३.६८ पर्यंत उतरतो. म्हणजे मंगळावर अशा जागा आहेत जिथे वस्तूचे वजन बुधावरच्या सरासरीपेक्षाही कमी भरेल, जरी पायाखाली बुधाच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमान असले तरी.

घनतेचा पुरावा

हेच सूत्र दुसऱ्या तऱ्हेने लिहिले की प्रकरणाची अधिक खोल बाजू दिसते. वस्तुमानाऐवजी सरासरी घनता आणि आकारमान घेतले तर गुरुत्व त्वरण हे घनता गुणिले त्रिज्या याच्या सम प्रमाणात येते. मंगळाची त्रिज्या १.३९ पट असूनही त्याचे गुरुत्व त्वरण बुधाएवढेच आहे, याचा अर्थ त्याची घनता तेवढ्याच पटीने कमी असली पाहिजे. मोजमाप तेच सांगते: बुधाची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला ५.४३ ग्रॅम आणि मंगळाची ३.९३ ग्रॅम आहे. पृथ्वीची ५.५१.

इथे बुध आणि पृथ्वी यांचे आकडे शेजारी-शेजारी पाहून दोन्ही ग्रह एकाच मिश्रणाचे असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. ग्रहाच्या आतले द्रव्य वरच्या थरांच्या भाराने दाबले जाते आणि दाबामुळे त्याची घनता वाढते. हा दाब किती, हे गुरुत्व त्वरणावरून अंदाजता येते. ग्रह सर्वत्र सारख्या घनतेचा मानला तर केंद्रातील दाब केवळ गुरुत्व त्वरणाच्या वर्गावर अवलंबून राहतो. ग्रहाचा आकार त्या सूत्रात उरतच नाही. या ढोबळ हिशेबाने बुधाच्या आणि मंगळाच्या केंद्रात जवळजवळ सारखाच दाब, म्हणजे पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २.४ लाख पट येतो, तर पृथ्वीच्या केंद्रात त्याच्या सातपट. खऱ्या ग्रहांमध्ये जड द्रव्य केंद्राकडे साचलेले असल्याने प्रत्यक्ष दाब यांहून जास्त असतात, पण तुलना ढोबळमानाने टिकते.

यातून निघणारा निष्कर्ष मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. बुध आणि मंगळ यांच्या अंतरंगात दाब एकाच पायरीचे आहेत, त्यामुळे त्यांच्या घनतेतला एवढा मोठा फरक दाबाच्या माथी मारता येत नाही. तो मूळ द्रव्यातलाच फरक असला पाहिजे. पृथ्वीची ५.५१ ही घनता बऱ्याच अंशी दाबाची कमाई आहे आणि तो दाब काढून टाकला असे कल्पिले तर ती चारच्या आसपास उतरते. बुधाची मात्र ५.३ च्या आसपासच राहते, आणि मंगळाची ३.७ च्या आसपास. म्हणजे बुधात खडकाच्या मानाने लोखंड खूप जास्त आहे. मेसेंजरच्या निरीक्षणांवरून बुधाच्या धातूमय गाभ्याची त्रिज्या सुमारे दोन हजार किलोमीटर असल्याचे दिसते. २,४४० किलोमीटर त्रिज्येच्या ग्रहात हा गाभा अर्ध्याहून अधिक आकारमान व्यापतो. मंगळावर २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकावरून तिथल्या गाभ्याच्या त्रिज्येचे अंदाज १,६५० ते १,८५० किलोमीटरच्या दरम्यान आले आहेत, आणि त्यानुसार तो गाभा मंगळाच्या आकारमानाच्या सहाव्या हिश्शाहून मोठा नाही.

बुधाकडे एवढा मोठा गाभा का उरला, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. एखाद्या प्रचंड टकरीत वरचे खडकाळ आवरण उडून गेले असावे, ही एक कल्पना आहे. पण मेसेंजरला बुधाच्या पृष्ठभागावर गंधक आणि पोटॅशियम यांसारखी उष्णतेने सहज उडून जाणारी मूलद्रव्ये चांगल्या प्रमाणात आढळल्यामुळे तिच्या साध्या रूपाला धक्का बसला आहे.

क्युरिऑसिटीनेही या विचारपद्धतीचा एक सुंदर उपयोग करून दिला आहे. रोव्हरला आपला तोल आणि दिशा कळावी म्हणून त्याच्यावर त्वरणमापक बसवलेले आहेत. रोव्हर थांबलेला असताना त्यांच्या नोंदींत फक्त मंगळाची ओढ उरते. गेल विवरातील माउंट शार्प या डोंगरावर रोव्हर चढत गेला तसतशी ही ओढ कमी होत गेली, आणि ती नेमकी किती कमी झाली यावरून पायथ्याच्या खडकांचे वस्तुमान, आणि पर्यायाने त्यांची घनता, संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली: दर घनमीटरला सुमारे १,६८० किलोग्रॅम. गाळाच्या खडकासाठी हे प्रमाण बरेच कमी आहे, म्हणजे ते खडक सच्छिद्र आहेत आणि त्यांच्यावर कधी फार जाड थर बसला नसावा. वाट शोधण्यासाठी बसवलेल्या उपकरणातून, वजनातल्या अत्यंत बारीक बदलाच्या आधारे, डोंगराचा इतिहास वाचला गेला.

वजन सारखे, पण निसटणे सारखे नाही

पृष्ठभागावर उभे राहून या दोन ग्रहांत फरक करणे अवघड आहे. दोन मीटर उंचीवरून सोडलेला दगड दोन्हीकडे एका सेकंदाहून किंचित जास्त वेळात खाली येईल. पृथ्वीवर त्याला ०.६४ सेकंद लागतात. सेकंदाचा टोला देणारा लंबक पृथ्वीवर सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब लागतो, तो मंगळावर ३७.८ आणि बुधावर ३७.५ सेंटिमीटर लागेल. मंगळावर बरोबर लावलेले लंबकाचे घड्याळ बुधावर नेले तर दिवसाला पाचेक मिनिटे मागे पडेल, आणि तेवढ्यावरूनच ग्रह बदलल्याचे कळेल. १६७२ मध्ये ज्यां रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मंगळाचे वेध घेण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेले असताना पॅरिसचा लंबक तिथे मागे पडत असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते, आणि ओढ जागेनुसार बदलते याचा तो पहिला भक्कम पुरावा ठरला. मार्ग तोच आहे.

फरक खरा उघड होतो तो वर जाताना. बुधाची त्रिज्या लहान, म्हणून पाचशे किलोमीटर वर गेल्यावर केंद्रापासूनचे अंतर प्रमाणाने जास्त वाढते, आणि त्यामुळे तिथे ओढ २.५५ मी/से² पर्यंत घटते. मंगळावर तेवढ्याच उंचीवर ती २.८३ राहते. मुक्तिवेग गुरुत्व त्वरण आणि त्रिज्या या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो, म्हणून बुधावरून कायमचे निसटायला सेकंदाला ४.२५ किलोमीटर वेग पुरतो आणि मंगळावरून ५.०३ किलोमीटर लागतो. हवेचे रेणू ग्रहाला सोडून जातात की नाही हे ठरवताना हाच वेग, तापमानाच्या सोबतीने, मोजावा लागतो. बुध दुपारी सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, मुक्तिवेगही कमी आणि सौरवाताचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा, मारा जवळून. मंगळाने विरळ का होईना वातावरण राखले, बुधाजवळ वातावरण म्हणावे असे काही नाही.

यान उतरवणाऱ्या अभियंत्याला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. क्युरिऑसिटी मंगळाच्या वातावरणात शिरला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास सहा किलोमीटर होता. उष्णतारोधक ढाल आणि पॅराशूट यांनी तो बहुतांश हवेतच जिरवला आणि सेकंदाला शंभरेक मीटर एवढा उरलेला वेग इंजिनांनी मारला. बुधावर पॅराशूट उघडायला हवाच नाही. जमिनीलगतच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाला तिथला सेकंदाला तीन किलोमीटरचा वेग सगळाच्या सगळा इंधन जाळून शून्यावर आणावा लागेल, आणि बुधावर आजवर एकही यान अलगद उतरलेले नाही. मेसेंजर ३० एप्रिल २०१५ रोजी सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगाने बुधावर आदळूनच संपला. क्युरिऑसिटीला शेवटी तीन दोरांनी लोंबकळत, सेकंदाला पाऊण मीटर या संथ वेगाने खाली सोडले गेले. त्या टप्प्यात दोरांवर एकूण ताण रोव्हरच्या वजनाएवढा, सुमारे ३,३५० न्यूटन होता. बुधावर त्या तीन दोरांना जवळजवळ तेवढाच ताण सोसावा लागला असता. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीचा सगळा उतार मात्र नव्याने आखावा लागला असता.